परक्या बटणांचा लॅपटॉप

नोटीस लागली गुरुवारी दुपारी, आणि कचेरीच्या व्हरांड्यात एकदम सामसूम झाली. एरवी तिथे पाच टाइपरायटरांची खडखड अशी चालायची की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं. शिपायाने चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारल्या, कोणाकडे न बघता तो आत गेला, आणि सहाही टायपिस्ट खुर्च्या मागे सारून नोटिशीपुढे गोळा झाले.

मजकूर अगदी सरळ होता. व्हरांड्याचा अर्धा भाग येणाऱ्या लोकांना बसायला द्यायचा, म्हणून सहा टेबलांची आता चारच राहणार. टाइपरायटर बंद. ज्याला टेबल हवं त्याने स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन सोमवारी सकाळी अकराला परीक्षेला बसायचं. पहिल्या चौघांना टेबल, उरलेल्या दोघांना नमस्कार.

तीन नंबरच्या टेबलावर बाई बसायच्या. बावीस वर्षं. कचेरीत त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे, आणि कचेरीत बायका कितीही असल्या तरी 'बाई कुठायत?' म्हटलं की बोट त्यांच्याच टेबलाकडे जायचं. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येतं पण साहेबापुढे काय लिहायचं ते सुचत नाही, अशी माणसं त्यांच्यासमोर बसून आपली कहाणी सांगायची. कहाणी कधीच सरळ नसायची. कोणी शेवटापासून सुरू करायचा, कोणी मधेच सासूवर घसरायचा. बाई म्हणायच्या, "थांबा. पहिल्यापासून सांगा, क्रमाने. आधी काय झालं?" आणि माणूस बोलत असतानाच इकडे कागदावर अर्ज तयार व्हायचा, नीट, मुद्देसूद, साहेबाला नाकारता येणार नाही असा.

"बाई, आता आराम करा," एक नंबरच्या टेबलावरचा झटपट म्हणाला. त्याच्या पाटीवर 'झटपट टायपिंग' असं लिहिलेलं होतं, म्हणून त्याचं नाव झटपट. त्याच्याकडे दोन वर्षांपासून लॅपटॉप होता आणि तेव्हापासून त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती. "घरी बसा, नातवंडं खेळवा."

"नातवंडं नाहीत मला."

"मग नवऱ्याला खेळवा."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण घरी जाईपर्यंत ते हसू पार विरून गेलं होतं.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा वायरमन. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या जाऊबाई चहाला आल्या होत्या, त्यांनीही ऐकलं आणि नाक मुरडलं. "चोपन्न वय झालं तुमचं. या वयात कॉम्प्युटर? सोडून द्या हो. तुमच्या कमाईवाचून घर अडलंय का?"

घर अडलं नव्हतं, हे खरं. पण बाईंनी कप खाली ठेवला आणि मनातलं बोलून टाकलं. "अडलंय ते माझं. घरात मी कोण? हे 'अगं' म्हणतात, तुम्ही 'अहो वहिनी' म्हणता. त्या टेबलाशी मी बसले की लोक मला शोधत येतात. ते टेबल गेलं तर मी सकाळी उठून जाऊ कुठे?"

नवऱ्याने टेस्टर खिशातून काढला, परत ठेवला आणि विचारलं, "लॅपटॉप कुठे मिळतो?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई अगदीच आंधळेपणाने उडी मारायला निघाल्या होत्या. तसं नव्हतं. वारा कुठून वाहतोय ते त्यांना कधीच कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी झटपटने लॅपटॉप आणला, तेव्हाच कोणाला पत्ता लागू न देता त्यांनी सहा आठवड्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग करून टाकला होता. त्या वर्गात त्यांना समजलं होतं की कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवलं की तो जुन्या टाइपरायटरच्या मांडणीप्रमाणे अक्षरं उमटवतो. जिथे 'क' होता तिथेच 'क'. बोटांना नव्याने काही शिकवावं लागत नाही. अडचण एवढीच होती की नवा लॅपटॉप त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता.

म्हणून शनिवारी सकाळी दोघं गेले ते खोकेवाल्याकडे. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप काढून टाकतात, ते जहाजाने खोकी भरभरून येतात आणि खोकेवाला ते पुसून, तपासून विकतो. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लोखंडी फळ्या, जमिनीवर पांढऱ्या थर्माकोलचे मणी, आणि सगळीकडे पुठ्ठ्याचा वास. खोकेवाला तोंडात पेन धरून बोलायचा.

बाईंनी समोरच्या फळीवरच्या दोन-तीन मशिनांच्या किमती विचारल्या आणि मान हलवली. मग त्यांची नजर अगदी खालच्या फळीवर गेली. तिथे एक करड्या रंगाचा, जाडजूड लॅपटॉप एकटाच पडला होता. पाठीवर कुठल्याशा ऑफिसचा नंबर चिकटवलेला, तो खरवडून काढल्याची खूण.

"आणि तो?"

"तो नका बघू, बाई." खोकेवाल्याने तोंडातलं पेन काढलं. माणूस सरळ होता. "मशीन एक नंबर आहे, बॅटरीही चांगली. पण आठ महिने पडून आहे, कोणी हात लावत नाही. हे बघा."

त्याने झाकण उघडलं. बटणांवरची अक्षरं बघून नवऱ्याचे डोळे विस्फारले. आपलं एकही अक्षर नाही. कोणत्या देशाची होती देव जाणे. काहींच्या डोक्यावर टिंबं, काहींच्या डोक्यावर टोप्या, एकाला तर खाली शेपूट.

"स्टिकर मिळतात," खोकेवाला म्हणाला. "पण ते घामाने निघतात. उगाच नंतर माझ्या नावाने बोटं मोडाल."

बाईंनी पर्स नवऱ्याच्या हातात दिली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, डोळे मिटले आणि दोन्ही हात बटणांवर ठेवले. पहिल्या बोटांखाली दोन बारीक उंचवटे लागले. दोन्ही हातांना आपापली जागा सांगणारे ते उंचवटे तिथेच होते, जिथे असायला हवे होते.

मग त्यांची बोटं चालायला लागली. बंद मशिनवरच. ओळीमागून ओळ, वरची रांग, खालची रांग, लांब पट्टी. खोकेवाला बघतच राहिला.

"बाई, अक्षरं दिसत नाहीयेत ना तुम्हाला?"

"अक्षरांचं काय करायचंय मला?" बाईंनी डोळे उघडले. "सोळाव्या वर्षी टायपिंग शिकले तेव्हा आमचे मास्तर हातांवर फडकं टाकायचे. फडक्याखाली डोकावलं की पट्टी बसायची. तेव्हापासून मी बटणांकडे बघितलेलं नाही. त्यांच्यावर अक्षरं आहेत की फुलं काढलीयेत, मला काय! सगळी बटणं दाबली जातायत, एकही अडकत नाही. किती घ्याल ते बोला."

किंमत आधीच पडेल होती, ती खोकेवाल्याने आणखी उतरवली. आठ महिन्यांनी फळी मोकळी होतेय म्हटल्यावर तोही खुशीत होता. मशीन सुरू करून, सगळं भरून देऊ का, असं त्याने विचारलं, पण तो बुधवारचा वायदा करत होता आणि परीक्षा सोमवारी होती. बाई म्हणाल्या, आमचं आम्ही करू.

घरी आल्यावर पहिलीच अडचण भिंतीपाशी उभी राहिली. चार्जरच्या पिना वेगळ्याच होत्या. आपल्या सॉकेटची भोकं कुठे आणि त्या पिना कुठे! नवऱ्याने पिन धरली, भिंतीला लावून बघितली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. तीन वर्षांत घरात त्याच्या विद्येची कोणाला गरज पडली नव्हती.

"याला हात लावू नकोस," तो म्हणाला, जसं काही बाई लावणारच होत्या. भिंग आणून त्याने चार्जरवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. "हा दोन्हीकडच्या करंटवर चालतो. फक्त तोंड बदलायला हवं." मग जुन्या ओळखीच्या विजेच्या दुकानात जाऊन तो दुसऱ्या तोंडाचा एक जाडा प्लग घेऊन आला, तीनदा टेस्टर लावून बघितला, आणि शेवटी सॉकेटमध्ये बसवून असा मागे सरला की जणू धरणाचं उद्घाटन झालंय. चार्जरवरचा हिरवा दिवा लागला.

"लागला!" तो ओरडला. खालून जाऊबाईंनी विचारलं, "काय लागलं?" आणि उत्तराची वाट न बघता त्या स्वतःच वर आल्या.

रविवारी सकाळी भांडी आवरून बाई मशिनपुढे बसल्या. खोकेवाल्याने ते पार पुसून कोरं केलेलं, त्यामुळे सुरू होताच ते प्रश्न विचारायला लागलं. पहिला प्रश्न परक्याच भाषेत, पण खाली भाषांची यादी होती आणि प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत लिहिलेली. बाई बोटाने खाली खाली गेल्या. तळाशी आपली भाषा दिसली तेव्हा त्यांना परगावात नात्यातलं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी ती निवडली, आणि मशीन गुमान आपल्या भाषेत बोलायला लागलं.

"शहाणं आहे," नवरा म्हणाला.

मग प्रश्न आला: तुमचा कीबोर्ड कोणता? खाली त्या परक्या देशाचं नाव आधीच घालून ठेवलेलं, आणि विचारलेलं, हे बरोबर आहे का?

आता दुसरं कोणी असतं तर इथेच ते बदलून टाकलं असतं. पण बाईंची हयात गेली रकाने भरण्यात. रकान्यात जे विचारलंय त्याचं खरं उत्तर लिहायचं, नाहीतर अर्ज परत येतो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी बटणांकडे एक नजर टाकली, टोप्या आणि शेपट्या बघितल्या. "कीबोर्ड परदेशीच आहे ना? मग खोटं कशाला बोला," म्हणाल्या आणि 'हो' म्हटलं. झाली चूक. पण ती तेव्हा कोणाला कळणार?

पुढे मशिनने पासवर्ड मागितला. बाईंनी नवऱ्याला तोंड फिरवायला लावलं. आई त्यांना लहानपणी ज्या लाडाच्या नावाने हाक मारायची, ते आता जगात दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं. तेच त्यांनी टाइप केलं. पडद्यावर नुसती काळी टिंबं उमटली. मशीन पुन्हा लिहा म्हणालं, पुन्हा लिहिलं. मशीन उघडलं, आणि बाईंनी मोठ्या हौसेने कोरं पान काढून पहिली ओळ टाइप केली.

पानावर जे उमटलं ते बघून जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. टिंबं, टोप्या, शेपट्या. एक अक्षर ओळखीचं असेल तर शपथ.

"अगं बाई! हे काय हो? शिव्या देतंय का ते आपल्याला?"

"गप्प बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांनी वर्गातली वही काढली, सेटिंगमध्ये शिरल्या, कीबोर्डच्या यादीत जाऊन आपल्या भाषेचा जुन्या टाइपरायटरचा कीबोर्ड शोधला आणि तो पहिल्या नंबरवर आणून ठेवला. परत पानावर आल्या. तीच ओळ, तीच बोटं. या वेळी पानावर स्वच्छ, ठसठशीत आपली अक्षरं आली. बाईंच्या जिवात जीव आला.

दिवसभर मग नुसता धडाका. नवरा वर्तमानपत्र वाचतोय, बाई टाइप करतायत. अग्रलेख झाला, बाजारभाव झाले, हरवले-सापडलेही झालं. बटणं टाइपरायटरसारखी खोल जात नव्हती, पहिला तासभर बोटं उगाच आपटत होती, पण दुपारपर्यंत तीही सरावली. नवऱ्याचा घसा बसला तेव्हा जाऊबाईंनी वाचायला घेतलं. संध्याकाळी बाईंनी मशीन नीट बंद केलं, फडक्याने पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

सोमवारी पावणेअकराला कचेरीच्या मोठ्या खोलीत सहा टेबलं मांडलेली होती. नवऱ्याला फाटकाबाहेर थांबावं लागलं, तरी त्याने प्लग आधी स्वतःच्या हाताने पिशवीत ठेवला होता. बाई बसल्या, झाकण उघडलं. शेजारच्या टेबलावरून झटपटने मान लांब केली.

"बाई, हे काय आणलंत? कुठल्या ग्रहावरचं?" त्याने मागच्यांना हाक मारली. "अरे, या बघा बटणं!" दोघं-तिघं उठून आले. कोणी म्हणालं, फसवलं बिचारीला. कोणी म्हणालं, आता टाइप काय करणार, चित्रं काढणार?

बाईंनी लक्ष दिलं नाही. मशिनने पासवर्ड मागितला. त्यांनी आईने ठेवलेलं नाव टाइप केलं.

पासवर्ड चुकीचा आहे.

घाईत बोट घसरलं असेल म्हणून त्यांनी सावकाश, एकेक बोट मोजून पुन्हा टाइप केलं. पासवर्ड चुकीचा आहे. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मशिनने वर धमकीही दिली: आता दोनच संधी उरल्या आहेत, त्यानंतर तासभर कुलूप.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नाव तर तेच. ते त्या विसरणं शक्यच नव्हतं, स्वतःचं रेशनकार्डावरचं नाव एक वेळ विसरतील. बोटंही तशीच पडली होती, बोटांनी त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता. मग चुकलं कुठे?

इतक्यात कचेरीच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, आत आल्या. हातात फाइल, चेहऱ्यावर रेषा नाही. "बसून घ्या. मजकूर मी आधी एकदा वाचून दाखवीन. मग दहा मिनिटं सांगीन, ते टाइप करायचं. शेवटी दोन मिनिटं तपासायला आणि राहिलेलं भरायला. कमीत कमी चुका, पूर्ण मजकूर."

"मॅडम," झटपट म्हणाला, "यांचं मशीन उघडतच नाहीये." चेहरा मात्र काळजीचा केला होता, हा त्याचा मोठेपणा.

मॅडमनी बाईंकडे बघितलं. "वेळ ठरलेली आहे. थांबता येणार नाही. तुमचा प्रयत्न चालू ठेवा." आणि त्या वाचायला लागल्या.

खोटं कशाला सांगू, त्या घटकेला बाईंना उठून निघून जावंसं वाटलं. बावीस वर्षं, आणि शेवट असा, परक्या बटणांपुढे हात जोडून! पण कान आपलं काम करत होते. कानांना सवयच होती, समोरचं माणूस बोलतंय म्हटलं की ऐकायचं. मॅडम वाचत होत्या, पाणीपुरवठ्याच्या नव्या जोडण्यांविषयीचं परिपत्रक होतं, आणि ते शब्द बाईंच्या डोक्यात एकापाठोपाठ एक जाऊन बसत होते.

वाचून झालं. मॅडमनी घड्याळ लावलं आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. पाच मशिनांवर बटणांचा कडकडाट सुरू झाला. बाईंची बोटं मांडीवर.

आणि तेव्हा त्यांनी स्वतःला तेच सांगितलं, जे समोर गोंधळून बसलेल्या हजारो माणसांना सांगितलं होतं. थांब. पहिल्यापासून सांग, क्रमाने. आधी काय झालं?

आधी प्लग. मग भाषा निवडली. मग त्याने विचारलं, कीबोर्ड कोणता? मी म्हटलं, परदेशी. मग पासवर्ड लिहिला. मग पानावर टोप्या आणि शेपट्या आल्या. मग...

बाई ताडकन सरळ बसल्या. पासवर्ड आधी, आणि आपला कीबोर्ड नंतर! आईचं नाव टाइप केलं तेव्हा मशीन परदेशीच लिहीत होतं. त्या काळ्या टिंबांच्या आड आईचं नाव नव्हतंच, तिथे टोप्या आणि शेपट्या होत्या! बोटं बरोबर, पण त्याच बोटांनी आज आपली अक्षरं पडतायत, आणि मशिनला हवीयेत ती कालची.

पडद्याच्या कोपऱ्यात कीबोर्डची लहानशी खूण होती. त्यांनी ती दाबली. दोन नावं आली. त्यांनी परदेशी कीबोर्ड निवडला, बटणांवर काय लिहिलंय ते वाचायच्या भानगडीत न पडता डोळे मिटले आणि बोटांना म्हणाल्या, जा. बोटं गेली.

मशीन उघडलं.

तीन मिनिटं संपली होती. मॅडमचा पहिला परिच्छेद अगदी संपत आला होता. बाईंनी कोपऱ्यात बघून आपला कीबोर्ड परत आणला, कोरं पान काढलं, वर दहा-बारा ओळींची जागा सोडली आणि मॅडमच्या तोंडून दुसऱ्या परिच्छेदाचा पहिला शब्द बाहेर पडला तिथूनच सुरू केलं.

काय चालल्या हो ती बोटं! पावसाचा सडाका यावा तसा आवाज. खोलीतल्या पाच माना खाली होत्या, बटणांवर नजर, बटणांवरून पडद्यावर, पडद्यावरून परत बटणांवर. झटपट चार बोटांनी जिवाच्या आकांताने झोडत होता. एकट्या बाईंची मान वर होती, आणि नजर मॅडमच्या तोंडावर. सहाव्या मिनिटाला मॅडमनी फाइलमधून डोळे वर केले, तर ही बाई टक लावून आपल्याकडेच बघतेय. त्यांना वाटलं, हिने हातपाय गाळले.

त्या थांबल्या. "तुम्ही टाइप करत नाही आहात का?"

"करतेय, मॅडम. '...अर्जदाराने स्वखर्चाने' इथपर्यंत झालं. पुढे?"

मॅडमनी पुढे सांगितलं. दहा मिनिटं झाली, घड्याळ वाजलं. बाकीचे चुका शोधायला लागले. बाई वर गेल्या, सोडलेल्या जागेत. पहिल्या वाचनातला तो परिच्छेद त्यांनी मनात धरून ठेवला होता. व्हरांड्यात माणूस सासूपासून सुरुवात करून जमिनीपर्यंत पोचतो तोवर सगळं धरून ठेवावंच लागतं, नाहीतर अर्ज व्हायचा कसा? संदर्भ, तारीख, विषय, 'उपरोक्त विषयास अनुसरून' ते थेट परिच्छेदाच्या पूर्णविरामापर्यंत. दोन मिनिटं भरायला थोडी कसर असताना त्यांनी हात उचलले.

सहा पानं छापून मॅडमच्या टेबलावर गेली. लाल पेन फिरायला लागलं. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. झटपटच्या पानावर पेन बरेचदा थांबलं. बाईंचं पान मॅडमनी वरपासून खालपर्यंत वाचलं, मग मूळ परिपत्रक शेजारी ठेवून परत वाचलं. पेन कुठेच टेकलं नाही.

त्या उठून बाईंच्या टेबलाशी आल्या आणि बटणांवर वाकल्या.

"यावर तर आपलं एक अक्षर नाही."

"नाही, मॅडम."

"आणि तुम्ही सुरुवात तीन मिनिटं उशिरा केलीत. बटणांकडे न बघता."

"मी बटणांकडे बघतच नाही, मॅडम."

"मग बघता कुठे?"

"माणसाकडे," बाई म्हणाल्या. "अर्ज सांगता सांगता माणसाला रडू येतं कधी कधी. मी खाली बघत बसले तर मला ते दिसणार कसं?"

मॅडमनी वळून निकाल सांगितला. पहिल्या बाई. एकही चूक नाही, मजकूर पूर्ण. त्यानंतर दोघं, आणि चौथा झटपट, अगदी काठावर. झटपटने कपाळावरचा घाम पुसला आणि मग मुकाट्याने उठून बाईंपाशी आला. "बाई, ते फडकं टाकून शिकवतात म्हणे, ते मला शिकवाल?" बाई म्हणाल्या, "पट्टी खायची तयारी ठेव."

सगळे निघाले तेव्हा मॅडमनी बाईंना थांबवलं. "टेबलांचं पत्र आजच काढायचंय, आणि आमचा कारकून एका पानाला दुपार लावतो. तुम्ही टाइप करून द्याल?"

बाई परत बसल्या. मॅडमनी सांगायला सुरुवात केली. पहिला शब्द होता 'आदेश'. बाईंची बोटं बटणांवर ठेवल्या ठेवल्या थबकली. बावीस वर्षांत त्यांनी किती पानं टाइप केली असतील त्याला गणती नाही, आणि त्या प्रत्येक पानावर 'विनंती' होती. कृपा करावी, विचार व्हावा, उपकार होतील. दुसऱ्यांची विनंती, पण बोटं त्यांची. 'आदेश' हा शब्द त्यांच्या बोटांनी पानाच्या डोक्यावर कधी लिहिलाच नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मॅडमही बघत होत्या, बघू देत.

त्यांनी तो शब्द टाइप केला, ठळक केला, पानाच्या मधोमध आणला. खाली लिहिलं की टेबल क्रमांक तीन यापुढेही त्यांच्याचकडे राहील. मॅडमनी सही केली, शिक्का मारला.

फाटकाशी नवरा उन्हात उभा होता. बाईंना बघून तो लगबगीने पुढे आला. बाईंनी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो भिंग न लावता वाचला, परत वाचला, आणि रस्त्यात, लोकांच्या देखत, बायकोला मोठ्याने म्हणाला, "शाब्बास!" लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण तो हा शब्द असा मोठ्याने कधी बोलला नव्हता.

"चल, घरी जाऊ. दमली असशील," तो म्हणाला.

"घरी?" बाईंनी पिशवी खांद्यावर नीट केली आणि व्हरांड्याकडे बघितलं. तीन नंबरपाशी सकाळपासून माणसं उभी होती, आणि रांग पायऱ्यांच्याही खाली आली होती. "तुम्ही जा. मला यायला संध्याकाळ होईल."